अल्ट्रावाइड मॉनिटरला एचडीएमआय लावू की टाइप-सी?
सांगलीच्या पेढीवर हळदीच्या सौद्यांची लांबलचक एक्सेल शीट एका नजरेत दिसावी म्हणून ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे जास्तच रुंद मॉनिटर घेतला. जुन्या लॅपटॉपची एचडीएमआय लावली, तर चित्र २५६० × १४४० पिक्सेलवर ताणलेलं. पाय चार्टचं पार अंडं झालं! मॉनिटरला हवं ३४४० × १४४०. एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीचा पोर्ट इथे बऱ्याचदा सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे ६० हर्ट्‌झही देत नाही, माउस अडखळतो. २.० असेल तर ६० आरामात.

माझं मत मात्र टाइप-सीला. नव्या लॅपटॉपवर रिझोल्यूशन आपोआप बसलं. मॉनिटर पॉवर डिलिव्हरीचा असेल, तर त्याच वायरीतून चार्जिंगही. मेख एकच: लॅपटॉपच्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (टाइप-सीतून व्हिडिओ पाठवायची सोय) हवा. केबलही व्हिडिओ नेणारी घ्या. मोबाइल चार्जरची वायर लावून मी अर्धा तास काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो होतो.