राष्ट्रीय समितीने धोरणावर बोलावं का? अमेरिकी पक्षांपुढचे तीन मार्ग

कार्यकारिणीची बैठक म्हटली की ठराव आलाच, ही आपल्याकडची सवय. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर महासमितीने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि पक्षाची भूमिका ठरली. त्यामुळे पक्षाच्या राष्ट्रीय समितीने धोरणावर बोलावं की नाही, असा वाद अमेरिकेत वारंवार होतो हे ऐकून मराठी वाचकाला नवल वाटेल. तिथे समितीचं रोजचं काम वेगळं आहे. पैसा उभा करायचा, मतदारांची माहिती अद्ययावत ठेवायची, राज्य शाखांना माणसं नि निधी पुरवायचा, दर चार वर्षांनी अधिवेशन भरवायचं. निवडणूक कायद्यातली तिची व्याख्यासुद्धा ‘पक्षाचा राष्ट्रीय पातळीवरचा दैनंदिन कारभार पाहणारी संघटना’ अशीच आहे. धोरण लिहिलं जातं ते अधिवेशनात, जाहीरनाम्याच्या रूपाने. प्रश्न असतो तो मधल्या चार वर्षांचा.

तुम्ही तिथे पक्षाच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) किंवा राज्य समितीवर असाल आणि राष्ट्रीय समितीवर जाऊ इच्छिणारा कुणी तुमचं मत मागायला आला, तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर ऐकताना एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की असू द्या: ठराव करणारे एक आणि त्याची किंमत मोजणारे दुसरेच असतात.

याचं कारण रचनेत आहे. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठींच्या हातात असतं आणि १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत उमेदवार ठरतो प्रायमरी या पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे मतदारांच्या मतांनी. राष्ट्रीय समिती त्याचं तिकीट कापू शकत नाही, सभागृहातलं त्याचं मत वळवू शकत नाही. समितीचा धोरणविषयक ठराव म्हणूनच दात नसलेला असतो. पण विरोधकांना तो जाहिरातीसाठी आयता मिळतो, आणि ती जाहिरात चालते काठावरच्या मतदारसंघातल्या उमेदवाराविरुद्ध. समितीच्या सदस्याला त्या मतदारसंघात मतं मागायला जायचं नसतं.

अधिकार कुणाला, किती

डेमोक्रॅटिक पक्षाने १९७४ मध्ये कॅन्सस सिटीत पक्षघटना स्वीकारली. तिच्यात समितीच्या कामांच्या यादीत ‘पक्षधोरणाची निवेदनं तयार करून प्रसृत करणं’ हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ‘आम्हाला अधिकारच नाही’ ही सबब डेमोक्रॅट सदस्याला देता येत नाही. रिपब्लिकन नियमावली समितीकडे पक्षाचं सर्वसाधारण व्यवस्थापन सोपवते, तेही अधिवेशनाच्या निर्देशांच्या अधीन राहून. तरीही ती समिती सर्रास धोरणविषयक ठराव करते.

खरा फरक रचनेत दिसतो. रिपब्लिकन समितीवर १६८ जण असतात. ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि ५ बेटप्रदेश, प्रत्येकाचे तीन: प्रदेशाध्यक्ष, एक पुरुष सदस्य आणि एक स्त्री सदस्य. सर्वांत कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला तीन मतं आणि सर्वांत जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियालाही तीनच. ग्वाम या बेटप्रदेशाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एकही मत नाही, पण इथे तीन आहेत. अधिवेशनाची जागा कुठली, नियम कोणते, हे ठरवायला ही रचना ठीक आहे. इमिग्रेशनवर पक्षाचं मत काय, हे ठरवायला ती कितपत योग्य, याचा विचार ज्याचा त्याने करावा. डेमोक्रॅटिक समिती चारशेच्या वर सदस्यांची आहे. तिच्यात मोठ्या राज्यांना जास्त जागा मिळतात, पण समितीच्या अध्यक्षांनी सुचवलेल्या सदस्यांचाही एक गट असतो. त्यामुळे नेतृत्वाला नको असलेला ठराव तिथे क्वचितच तग धरतो.

मार्ग पहिला: धोरणावर मौन

यामागचा युक्तिवाद साधा आहे. टेक्सासचा डेमोक्रॅट आणि न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट बंदूक, तेल, सीमा यांवर एका सुरात बोलत नाहीत, आणि न बोलताच दोघंही निवडून येऊ शकतात. समितीने आपलं यंत्र तेवढं चालू ठेवावं.

अडचण अशी की मौन पाळण्याची शपथ घेणाऱ्यांनाही ते जमत नाही. २०१२ च्या पराभवानंतर रिपब्लिकन समितीने आत्मपरीक्षणाचा अहवाल काढला, मार्च २०१३ मध्ये. ‘आम्ही धोरण ठरवणारी समिती नाही’ असं म्हणत म्हणतच त्याने व्यापक इमिग्रेशन सुधारणेचा पुरस्कार करा, असा सल्ला दिला. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या बैठकीत त्याच समितीने विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, याचा ठरावाने पुनरुच्चार केला. तरुण मतदारांशी जुळवून घ्या, असं सांगणाऱ्या अहवालाची शाई तेव्हा वाळलीही नव्हती. इमिग्रेशनचं काय झालं? जूनमध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी विधेयक मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. २०१४ च्या जूनमध्ये त्या गृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर प्रायमरीत पडले. त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात इमिग्रेशनचा मुद्दा जोरात होता. अहवाल लिहिणाऱ्यांना कुणाला मतदारांपुढे जायचं नव्हतं.

पूर्ण मौनाचा दुसरा तोटा पक्ष सत्तेत असताना दिसतो. पक्षाच्या जागी मग एकटा राष्ट्राध्यक्षच उरतो. २०२० मध्ये कोविडमुळे अधिवेशन आक्रसलं, म्हणून रिपब्लिकन समितीने नवा जाहीरनामाच केला नाही. पक्ष राष्ट्राध्यक्षांच्या ‘अमेरिका प्रथम’ कार्यक्रमाला उत्साहाने पाठिंबा देत राहील, एवढा ठराव केला आणि २०१६ चाच जाहीरनामा पुढे चालू ठेवला. जुन्या मजकुरात ‘सध्याच्या प्रशासना’वर टीकेची झोड होती. लिहिताना रोख ओबामांवर होता, पण तारीख बदलली आणि व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प बसलेले. कुणीतरी एकदा वाचून काढलं असतं तरी पुरे होतं.

मार्ग दुसरा: प्रसंग येईल तसे ठराव

याच्या बाजूने म्हणण्यासारखं बरंच आहे. कार्यकर्त्याला आपलं म्हणणं वर पोचवायला दुसरं दार नाही. चार वर्षांत युद्धं सुरू होतात, न्यायालयाचे निकाल येतात. जाहीरनामा लिहिताना ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं. पक्ष विरोधात असेल, तर राष्ट्राध्यक्षाचा आवाजही हाताशी नसतो. अशा वेळी समितीने गप्प बसणं म्हणजे पक्षाने गप्प बसणं.

चुकतं कुठे, ते एका मसुद्यात नीट पाहता येतं. ठरावाचे दोन भाग असतात: वर ‘ज्याअर्थी’ची कलमं, खाली ‘त्याअर्थी’चा निर्णय. सदस्य निर्णय वाचतात आणि ज्याअर्थीवरून नजर फिरवतात. ४ फेब्रुवारी २०२२ ला सॉल्ट लेक सिटीत रिपब्लिकन समितीने लिझ चेनी आणि अ‍ॅडम किंझिंगर या आपल्याच दोन लोकप्रतिनिधींच्या निषेधाचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर केला. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवर, झालेल्या हल्ल्याच्या चौकशी समितीत ते बसले होते, हा राग. निर्णय एवढाच की पक्ष त्यांना पाठिंबा देणार नाही. पण वरच्या एका ज्याअर्थीत ‘वैध राजकीय चर्चेत गुंतलेल्या सामान्य नागरिकांचा छळ’ असे शब्द होते. संसदेच्या इमारतीवरच्या हल्ल्यालाच पक्षाने वैध चर्चा म्हटलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. कॅपिटॉलमधल्या हिंसेशी संबंध नसलेल्या लोकांबद्दल ते होतं, असा खुलासा समितीच्या अध्यक्ष रॉना मॅक्डॅनियल यांना करावा लागला. मंजूर मजकुरात मात्र ही मर्यादा नव्हती. सिनेटमधले पक्षनेते मिच मॅकॉनेल यांनी त्या घटनेला हिंसक बंड म्हटलं आणि असे सदस्य वेचून काढणं हे समितीचं काम नाही, असंही सुनावलं. आवाजी मतदान असल्यामुळे कोण कुठल्या बाजूला होतं, याची नोंदही उरली नाही.

डेमोक्रॅटांचं दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मिनियापोलिसला गाझावर दोन ठराव समोरासमोर आले. एकात इस्रायलला शस्त्रं देणं थांबवण्याची मागणी होती, दुसरा होता समितीचे अध्यक्ष केन मार्टिन यांचा, सौम्य. राष्ट्रीय समितीअंतर्गतच्या ठराव समितीने पहिला फेटाळला, दुसरा मंजूर केला, आणि मग मार्टिन यांनी स्वतःचाच ठराव मागे घेऊन कार्यगट नेमण्याची घोषणा केली. दोन्ही गट नाराज, बातमी मात्र फुटीची. याच पक्षाने ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या चळवळीच्या समर्थनाचा ठराव केला, तेव्हा त्या चळवळीच्या नेटवर्कनेच दोन दिवसांत जाहीर केलं की आम्ही कुठल्याच पक्षाबरोबर नाही. ज्यांच्या नावाने ठराव करायचा त्यांना आधी फोन करावा, ही साधी गोष्टसुद्धा राहून जाते.

मार्ग तिसरा: समितीच्या आश्रयाने सल्लागार मंडळ

हा मार्ग फारसा कुणाच्या लक्षात नसतो, पण तिघांत सर्वांत जास्त काम याच मार्गाने झालेलं दिसतं. १९५६ मध्ये अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दुसऱ्यांदा हरले. डेमोक्रॅटिक समितीचे अध्यक्ष पॉल बटलर यांनी ‘डेमोक्रॅटिक अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल’ उभं केलं. अर्थकारणाचं काम अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांच्याकडे, परराष्ट्र धोरणाचं माजी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांच्याकडे. प्रतिनिधीगृहाचे सभापती सॅम रेबर्न आणि सिनेटमधले नेते लिंडन जॉन्सन यांनी मात्र सामील व्हायला साफ नकार दिला. कायदे आम्ही करतो, मग बाहेरच्यांनी भूमिका का ठरवाव्यात, असा त्यांचा सवाल. तो रास्तच होता, आणि आजही कुठल्याही समितीला तोच पहिला विचारला जातो. तरीही मंडळ पत्रकं काढत राहिलं. १९५९ च्या अखेरीस केनेडी त्यात आले, १९६० च्या जाहीरनाम्यात मंडळाच्या बऱ्याच भूमिका उतरल्या, आणि केनेडी निवडून आल्यावर १९६१ मध्ये मंडळ गुंडाळलं गेलं. सत्ता आली की त्याची गरज संपते, हेही त्यातून दिसलं. १९६४ च्या दारुण पराभवानंतर रिपब्लिकनांनी अशीच समन्वय समिती नेमली, आणि त्यांनी काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, नेत्यांना सुरुवातीपासून आत घेतलं.

या मार्गाला पैसा लागतो, अभ्यासू माणसं लागतात आणि दोन-तीन वर्षांचा धीर लागतो. पुढच्या आठवड्याच्या बातमीसाठी हा मार्ग निरुपयोगी आहे.

लहान पक्षांचं गणित

सरकारी हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणाऱ्या लिबर्टेरियन पक्षासारख्या ठिकाणी वरचा हिशेब बराचसा उलटा होतो. निवडून आलेले मोठे नेते जवळजवळ नाहीत, त्यामुळे समितीचं पत्रक हाच पक्षाचा मुख्य आवाज. तिथे मौन परवडत नाही. म्हणून मूळ तत्त्वांना कुलूप घातलेलं आहे: तत्त्वनिवेदन बदलायचं तर अधिवेशनात नोंदलेल्या सर्व प्रतिनिधींपैकी सात-अष्टमांश मतं लागतात. जाहीरनाम्याची कलमं त्यामानाने सैल आहेत. २०२२ मध्ये रेनोच्या अधिवेशनाने गर्भपातावरचं कलम काढून टाकलं, तेही अधिवेशनाने, समितीने नव्हे.

मग मत कशाला द्यावं

आमचा कौल असा. पक्ष व्हाइट हाऊसमध्ये असेल तर नव्या धोरणाचे ठराव टाळा, कारण ते एक तर राष्ट्राध्यक्षाची री ओढतात किंवा त्याच्याशी भांडण उकरून काढतात. पक्ष विरोधात असेल तर तिसरा मार्ग धरा, सभागृहातल्या नेत्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेऊन. समितीच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टींवर मात्र तिने नेहमीच बोलावं: देणग्या कुणाकडून घ्यायच्या, उमेदवारांच्या वादफेऱ्या कशा ठेवायच्या, प्रायमरीचं वेळापत्रक काय. या ठरावांची अंमलबजावणी ती स्वतः करू शकते.

तिथेही सोपं काही नाही. जून २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक समितीच्या कार्यकारिणीने कोळसा-तेल कंपन्यांच्या देणग्या नाकारायचं ठरवलं. कामगार संघटना नाराज झाल्या आणि ऑगस्टमध्ये ३० विरुद्ध २ मतांनी निर्णय फिरवला गेला. आधी विचारपूस न करण्याचा हा परिणाम. २०१९ मध्ये फक्त हवामानबदलावर वादफेरी घेऊ द्यावी का, यावर सॅन फ्रान्सिस्कोत मतदान झालं, १३७ बाजूने आणि २२२ विरुद्ध. तो निकाल अनेकांना आवडला नाही, पण आकडे नोंदले गेले आणि जबाबदारी कुणाची ते स्पष्ट राहिलं.

तरीही एखादा धोरणविषयक ठराव तुमच्यापुढे आलाच, तर आधी चालू जाहीरनामा उघडा. मुद्दा तिथे असेल तर त्याचेच शब्द वापरायला लावा. प्रत्येक ‘ज्याअर्थी’ वेगळं काढून, विरोधकाच्या जाहिरातीत ते एकटंच कसं दिसेल असं वाचा. ज्याच्याशिवाय निर्णय उभा राहतो ते कलम वगळायची दुरुस्ती ठराव समितीतच मांडा, कारण सर्वसाधारण बैठकीत तेवढा वेळ मिळत नाही. काठावरच्या दोन-तीन उमेदवारांच्या कार्यालयांना मसुदा दाखवून झाला आहे का, ते मांडणाऱ्याला विचारा. मतमोजणी नावानिशी मागा. आणि पुढच्या अधिवेशनाला ठराव आपोआप संपेल, असं शेवटच्या कलमात लिहून घ्या.