नासचा ‘इट वॉज रिटन’ : काही महिने सतत ऐकल्यानंतर

न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढलेल्या नास या रॅपरचा ‘इट वॉज रिटन’ हा दुसरा अल्बम २ जुलै १९९६ रोजी बाजारात आला, आणि तेव्हापासून त्याच्यावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आरंभीच ‘इलमॅटिक’चे नाव काढले आहे, त्यातून माझीही सुटका नाही. १९९४ चा तो पहिला अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा होता. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप अशा जाणत्या संगीत-निर्मात्यांनी विशीतल्या एका मुलासाठी आपले उत्तम बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारे संगीत, राखून ठेवले होते, आणि अल्बमना ताऱ्यांऐवजी ‘माइक’ देणाऱ्या ‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले होते. कौतुक अफाट झाले, पण सुरुवातीची विक्री त्या मानाने बेताचीच राहिली.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी गणित उलटे झाले. बहुतेक गाण्यांचे संगीत ट्रॅकमास्टर्स या जोडीकडे गेले, युरिद्मिक्सच्या गाजलेल्या चालीवर ‘स्ट्रीट ड्रीम्स’ बेतले गेले, आणि अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर येऊन चार आठवडे तिथेच राहिला. ‘द सोर्स’ने मात्र या वेळी चार माइक दिले. आक्षेप दोन होते: नास रेडिओच्या आहारी गेला, आणि खिडकीतून गल्ली न्याहाळणारा तो मुलगा ‘एस्कोबार’ नावाचा माफिया सरदार बनून मिरवू लागला.

गेले काही महिने हा अल्बम प्रवासात, रात्री हेडफोनवर आणि पुष्कळदा गीतांचे शब्द समोर ठेवून ऐकल्यानंतर पहिला आक्षेप मला अर्धाच पटतो. ‘स्ट्रीट ड्रीम्स’ची चाल लवकर कंटाळवाणी होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या डॉ. ड्रे याने संगीत दिलेल्या ‘नास इज कमिंग’च्या आरंभीच्या लांबलचक गप्पा मी आता सरळ पुढे ढकलतो; अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरचे रॅपर एकमेकांवर तुटून पडत असताना त्या दोघांनी एकत्र येण्याला अर्थ होता, हे खरे, पण त्यामुळे गाणे सुधारत नाही. उलट ‘द मेसेज’ पाहा. तेही ट्रॅकमास्टर्सचेच काम आहे आणि त्यातली गिटार स्टिंगच्या गाण्यातून उचललेली आहे, तरीही ती उदास सुरावट आणि नासचा निगरगट्ट, संथ आवाज यांचा मेळ इतक्या वेळा ऐकूनही शिळा झालेला नाही. क्वीन्सब्रिजच्याच मोबडीप या रॅप-जोडीतल्या हॅवॉकने संगीत दिलेले ‘द सेट अप’ तर पहिल्या अल्बमपेक्षाही काळोखे वाटते.

दुसरा आक्षेप मला अन्यायकारक वाटतो. माफियाचा बाज ही तेव्हाची हवाच होती: रेक्वॉन या न्यूयॉर्कच्याच रॅपरचा त्याच धर्तीचा अल्बम १९९५ मध्ये येऊन गेला होता, आणि जे-झीचा ‘रीझनेबल डाउट’ तर नासच्या अवघ्या एक आठवडा आधी आला. मुखवट्याआडून नासने नेमके काय लिहिले, हे पाहण्याची सवड फार थोड्यांनी काढली. ‘आय गेव्ह यू पॉवर’ या गाण्यात बंदूक स्वतःची कहाणी सांगते. शाळेत आपण सर्वांनी लिहिलेल्या आत्मवृत्ताच्या निबंधाचाच हा प्रकार. पण इथली वस्तू कण्हत नाही, तिला थकवा आहे, लाज आहे, आणि ऐन वेळी न झाडण्याचा निर्णय ती स्वतः घेते. मालक मरतो, पण तिची सुटका होत नाही, कारण लगेच दुसरा हात तिला उचलतो. डीजे प्रीमियरचा गंभीर बीट या कथनाला कुठेही आडवा येत नाही. ज्या लेखकाने हे लिहिले, त्याला हिंसेचे केवळ आकर्षण होते असे म्हणणे मला कठीण जाते. ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’मध्ये एझी, कॉर्मेगा आणि फॉक्सी ब्राउन यांच्यासह चार आवाज आहेत आणि यमकांची घट्ट वीण आहे. (फॉक्सीने त्यात मांडलेला अमली मालाचा हिशेब कागदावर करून पाहावा, तो जुळत नाही, आणि गाण्याचे त्यावाचून काही अडतही नाही.)

नव्याने ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिव्या भरपूर आहेत, त्यामुळे घरातल्या स्पीकरवर लावण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते पाहावे. आणि क्वीन्सब्रिजची बोली पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. शब्द वाचत ऐकल्यास ‘टेक इट इन ब्लड’सारख्या बाहेरून साध्या वाटणाऱ्या गाण्यातही ओळीच्या पोटात लपवलेली यमके एकेक करून दिसू लागतात.

लॉरिन हिलच्या आवाजातले ध्रुवपद असलेले ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ हे या अल्बममधले सर्वांत लोकप्रिय गाणे, आणि ते सर्वांत शेवटी ठेवले आहे, हे मला योग्यच वाटते: इतक्या गोळीबारानंतर तुरुंगांचे दरवाजे उघडण्याचे स्वप्न अधिक खरे वाटते. ‘द सोर्स’चे चार माइक मला आजही रास्त वाटतात. मात्र पाचवा माइक माझ्याकडून गेला तो मधल्या दोन-तीन ढिल्या गाण्यांमुळे. एस्कोबारचा त्यात काही दोष नाही.