कॅस्पर: ओ-अँटिजेनची रचना काढताना काही महिने वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या ओ-अँटिजेनवर काम चालतं. म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर मोजक्या साखरांचा एकच तुकडा परत परत जोडून तयार झालेली लांब साखळी. त्या तुकड्यात कोणकोणत्या साखरा आहेत, प्रत्येक अल्फा की बीटा (जोडणीच्या दोन दिशांपैकी कुठली), कुठली कुणाच्या कितव्या कार्बनला जोडली आहे, हे शोधायचं. स्टॉकहोम विद्यापीठाचा कॅस्पर याच कामासाठी आहे. 1980 च्या दशकापासूनचा प्रोग्राम, आता ब्राउझरमध्ये चालतो, फुकट.

साखरा आणि जोडण्यांची माहिती द्यायची, एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजणाऱ्या तंत्राच्या) शिफ्ट, म्हणजे प्रत्येक अणूच्या संकेताची पीपीएममधली जागा, टाकायच्या, की तो शक्य त्या सगळ्या रचना मांडतो, प्रत्येकीच्या शिफ्ट वर्तवतो आणि आपल्या आकड्यांशी जुळवून क्रमवारी लावतो. त्यामागचं गणित गूढ नाही: सुट्या साखरेची शिफ्ट, त्यात शेजारी जोडल्यामुळे पडणारा फरक, आणि फांदी फुटते तिथे आणखी थोडी दुरुस्ती.

नव्या माणसाने आधी माहीत असलेली रचना टाकून बघावी. मी शिगेला फ्लेक्सनेरी या आमांशाच्या जिवाणूचा वाय सीरोटाइप (उपप्रकार) घेतला होता: ओळीने तीन अल्फा-एल-ऱ्हॅम्नोज आणि एक एन-अॅसिटाइल ग्लुकोसामिन, फांदी नाही. ग्लुकोसामिनचा तिसरा कार्बन जोडला गेला की 75 च्या आसपासचं पीक 82 पीपीएमजवळ जातं, आणि कॅस्पर ते बरोबर तिथेच दाखवतो. तिन्ही ऱ्हॅम्नोजचे मिथाइल मात्र 1.3 पीपीएमपाशी एकमेकांना चिकटून बसतात. त्यावरून कोण कोणता ते ठरवू नका, टॉक्सी (एकाच साखरेतले प्रोटॉन एकत्र दाखवणारा एनएमआर प्रयोग) आणि एचएमबीसी (दोन-तीन बंधांपलीकडचे प्रोटॉन-कार्बन संबंध दाखवणारा) बघा.

पहिल्या क्रमांकाची रचना डोळे झाकून उचलणारे लोक मी पाहिलेत. पहिल्या आणि दुसऱ्या रचनेच्या चुकीत (वर्तवलेल्या आणि मोजलेल्या शिफ्टमधल्या तफावतीत) नावापुरताच फरक असेल, तर त्या क्रमांकाला काही अर्थ नाही. मग एकेका साखरेचा फरक काढून बघायचा आणि ज्या जोडणीबद्दल शंका आहे तिच्यासाठी नोएसी (जागेने जवळ असलेले प्रोटॉन दाखवणारा एनएमआर प्रयोग) लावायचं. एकाच साखरेवर लागून असलेल्या दोन कार्बनना जोडण्या असतील तर तिथे गर्दी होते आणि अंदाज हमखास ढळतो.

ओल्या कामातून, म्हणजे रसायनं वापरून करायच्या प्रयोगांतून, सुटका मात्र नाही. साखर डी की एल (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी कुठली) हे कायरल, म्हणजे अशा एकाच रूपातलं, ब्युटेनॉल किंवा ऑक्टेनॉल वापरून जीसीवरच (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) ठरवा. जोडण्या शोधायला करायचं मिथिलेशन (मोकळ्या ओएच गटांवर मिथाइल बसवणं) अल्कलीत होतं, त्यात ओ-अॅसिटाइल (साखरेच्या ऑक्सिजनवर बसलेले अॅसिटाइल गट) उडून जातात, म्हणून मूळ सॅम्पलचा एनएमआर आधी घ्यायचा. अॅसिटाइल बसलेल्या कार्बनवरचा प्रोटॉन जवळपास 1 पीपीएमने डाउनफील्ड, म्हणजे जास्त आकड्याकडे, सरकलेला दिसतो, तो लगेच ओळखू येतो. आणि स्पेक्ट्रम 60-70 अंशांवर घ्या. 25 अंशांना पाण्याचं पीक 4.8 ला, ऐन अॅनोमेरिक भागात (साखरांच्या पहिल्या कार्बनवरचे प्रोटॉन, म्हणजे एच-1, दिसतात तिथे) येऊन बसतं आणि बीटा साखरांचे एच-1 गिळतं.

एक गोष्ट कॅस्परला सांगताच येत नाही: तुकडा सुरू कुठून होतो. साखळी गोल फिरवली तरी शिफ्ट त्याच राहतात. ई. कोलायमध्ये सुरुवात बहुधा ग्लुकोसामिन किंवा गॅलॅक्टोसामिनच्या एन-अॅसिटाइल रूपापासून होते. नक्की काय ते जीन क्लस्टर (ओ-अँटिजेन बनवणाऱ्या जनुकांचा गट) बघून ठरवावं लागतं.

दुर्मिळ साखर असेल आणि तिचा डेटा आत नसेल, तर कॅस्परवर वेळ घालवू नका. मॉस्कोच्या सीएसडीबी या साखरांच्या रचनांच्या डेटाबेसमध्ये त्या साखरेच्या छापून आलेल्या शिफ्ट शोधा आणि हाताने जुळवा.