भाड्याच्या स्विफ्ट, अर्टिगा आणि ग्रँड विटारा: ठाण्यात खरं ॲव्हरेज किती मिळालं?

आमची गाडी दीड वर्षापूर्वी विकली. पाचपाखाडीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत पार्किंग नाही आणि रस्त्यावर लावलेल्या गाडीची रोजची धास्ती आईला सोसेना. तेव्हापासून गरज पडेल तशी सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेते. आतापर्यंत अकरा वेळा घेतली आणि अकराही वेळा ॲव्हरेज काढून वहीत लिहिलं.

ही सवय बाबांची. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, खोपट डेपोला. एसटीत ॲव्हरेज एका लिटरवर नाही, दहा लिटरवर मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात. बाबांच्या गाडीचा आकडा 45 च्या आसपास असायचा, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटर. तो दोनने घसरला तरी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. "गाडीला काहीतरी होतंय," एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकच्या मागे लागायचे. त्यांचं हे वाक्य मला पुढे कामाला आलं, ते खाली सांगते.

आधी मोजलं कसं ते. गाडी ताब्यात घेतली की पहिल्यांदा पंपावर जाऊन टाकी फुल करायची. नोझल पहिल्यांदा टक करून बंद झालं की तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, "राउंड फिगर करू का, ताई?" त्याला ठाम नाही म्हणायचं, कारण त्या राउंड फिगरच्या नादात कधी अर्धा लिटर जास्त जातं, कधी पाव, आणि मग हिशोबाला अर्थ राहत नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. परत करायच्या आधी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या टक-पर्यंत भरायचं. जेवढं मावलं तेवढं जळलं. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा मी धरत नाही. माझ्या वहीत तो प्रत्येक वेळी जास्तच निघालाय. स्विफ्टने 17.1 दाखवलं तेव्हा टाकीचा हिशोब 15.6 आला.

आता कंपनीचा आकडा. जाहिरातीत जे मायलेज छापतात ते पुण्याच्या एआरएआयसारख्या सरकारमान्य चाचणी संस्थेने दिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 115 चा उल्लेख असतो, तो याच चाचणीचा. गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी करून वीस मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ ठरलेल्या पद्धतीने चालवतात. शहरी भाग चार वेळा, मग हायवेचा एक भाग. सगळ्यात जास्त वेग 90. एसी बंद. पेट्रोल किती जळलं ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. प्रत्येक कंपनीची प्रत्येक गाडी याच मापाने मोजली जाते, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगलाच आहे. त्याला खोटं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण मे महिन्यात एसी लावून, तीन माणसं बसवून कापूरबावडीच्या सिग्नलला तीन हिरवे सोडून देणारी गाडी त्या रोलरवर नव्हती, हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा. भाड्याच्या ॲपवर मात्र "मायलेज 25" असं नुसतंच लिहितात. कोणत्या परिस्थितीत, ते नाही. लोक त्यावर ट्रिपचं बजेट करतात आणि फसतात, याची मला खरोखर चीड आहे.

स्विफ्ट ऑटोमॅटिक, नवी, 2024 ची. कंपनीचा आकडा 25.75. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपीला कासारवडवलीला न्यायचं होतं आणि मधेच ताईकडे घणसोलीला. तीन दिवसांत 142 किलोमीटर झाले, पेट्रोल लागलं 9.1 लिटर. म्हणजे 15.6. कंपनीच्या आकड्याच्या साठ टक्के. माजिवडा ते मानपाडा सकाळी अकराला बरं चाललं, पण संध्याकाळी परतताना पातलीपाड्यापासून गाडी नुसती सरपटत होती, आणि कळव्याच्या पुलापासून विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाईपर्यंत जे पेट्रोल गेलं ते उभ्या उभ्याच गेलं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, हे लक्षात घेतलं की 15.6 चं वाईट वाटत नाही.

हीच गाडी नंतर पुण्याला नेली. ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे, मग खारघर, कळंबोली आणि एक्सप्रेसवे. पुण्यातली थोडी फिरती धरून 318 किलोमीटर, 15.2 लिटर, म्हणजे 20.9. वेग 85 ते 90 ठेवला होता, एसी पूर्ण वेळ चालू. जाताना खंडाळ्याचा चढ आणि येताना उतार, म्हणून मी एकेरी आकडा धरतच नाही, जाऊन-येऊनच मोजते. एक्सप्रेसवेवर 100 ची मुभा आहे, पण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 85 वरून 100 वर गेलं की तो अडथळा जवळजवळ 38 टक्क्यांनी वाढतो. पनवेल ते देहूरोड दहा मिनिटं वाचवायला हे मला परवडत नाही. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेही थोडं खातंच.

मग आली दुसरी स्विफ्ट. मॉडेल तेच, फक्त भाड्याने देणारी कंपनी वेगळी, तिचं नाव लिहीत नाही. तेच रस्ते, त्याच वेळा, तीच माणसं. पहिली टाकी 12.4. मला वाटलं, भरताना माझीच काहीतरी चूक झाली. दुसरी टाकी 12.6. कंपनीला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी ओके आहे, ड्रायव्हिंगवर असतं." मला हे फार लागलं. त्याच हातांनी, त्याच रस्त्यांवर महिन्यापूर्वी 15.6 काढले होते आणि तसं वहीत लिहिलेलं होतं.

नौपाड्यातल्या पंपावर हवा तपासली. चारही चाकांत दाराच्या स्टिकरवर लिहिलेल्यापेक्षा सात-आठने कमी. भरून घेतली. पुढची टाकी 13. थोडा फरक पडला, पण अजून दोन-अडीच कुठे जातायत? तेव्हा बाबांची युक्ती आठवली. ते फेरी संपली की खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हाताची पालथी बाजू धरायचे. घोडबंदरहून आल्यावर गाडी गल्लीत लावली आणि मी तेच केलं. पुढची दोन्ही चाकं सारखी कोमट. मागचं उजवं गार. मागच्या डाव्या रिमजवळ हात धरवेना, आणि करपल्यासारखा वास. हँडब्रेक सोडलेला असतानाही तिथला ब्रेक घट्ट धरून बसला होता. म्हणजे तीन दिवस ही गाडी एक चाक फरफटत चालत होती आणि मी त्यात आईला घेऊन फिरत होते.

पावत्यांचे फोटो, वहीचं पान आणि चाकाबद्दल सविस्तर लिहून पाठवलं. दोन तासांत दुसरी गाडी आली, माणूस नम्र होता, हे नोंदवते. पण हिशोबात "इंधन कमी परत केले" म्हणून 900 रुपये कापले. गाडी माझ्या ताब्यात दिली तेव्हा टाकीचा काटा किती होता याचा माझ्याकडे फोटो नव्हता. ती माझी चूक झाली. आता चावी हातात आली की आधी काट्याचा आणि किलोमीटरचा एकत्र फोटो काढते, मग चारही चाकांची हवा बघते. त्या 900 रुपयांसाठी केलेली तक्रार अजून तशीच पडून आहे. पण माझा खरा राग पैशाचा नाही. ॲव्हरेज पडलंय असं ग्राहक सांगतो तेव्हा तो गाडी आजारी असल्याचं सांगत असतो, आणि ते ऐकायला तिथे कोणी बसलेलं नाही, याचा आहे. त्या कंपनीला माझ्याकडून पाचपैकी एक.

अर्टिगा सीएनजी घेतली मावसभावाच्या लग्नाला, नाशिकला. सात माणसं, कसारा घाट. कंपनीचा आकडा किलोला 26.11, मला मिळाले 19.6 (296 किलोमीटर, 15.1 किलो). भरलेली गाडी आणि घाट धरता मी खूश आहे, पैशाच्या हिशोबात हिच्या जवळपास दुसरं कोणी येत नाही. पण दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. मागची सीट वापरली तर सिलिंडरमुळे सामानाला जागा उरत नाही, आमच्या आहेराच्या पिशव्या सगळ्यांच्या मांडीवर होत्या. आणि गॅस प्रत्येक पंपावर सारखा भरत नाही. प्रेशर कमी असेल तर सिलिंडर अर्धवट राहतो, म्हणून इथे मी मीटरवरच्या दिव्यांवर न जाता पावतीवरचे किलो जोडले. सकाळी सहाच्या आत भरून घ्या. नंतरची रिक्षांची रांग तुमचा अर्धा तास खाईल.

ग्रँड विटारा हायब्रिड एकदाच घेतली, भावजी अमेरिकेहून आले होते तेव्हा. कंपनीचा आकडा 27.97. शहरातच 168 किलोमीटर फिरलो, 7.7 लिटर लागलं, म्हणजे 21.8. घोडबंदर रोडच्या कोंडीत ही गाडी इंजिन बंद करून बॅटरीवर पुढे सरकते, आणि ब्रेक लावला की थोडी वीज परत साठवते. म्हणून जिथे स्विफ्ट खचते तिथे हीच तगते. वाघबीळच्या उताराला इंजिनचा आवाज पूर्ण थांबला तेव्हा आई दचकली, "बंद पडली का गं?" म्हणाली. चालवायला मला तिन्हींमध्ये हीच आवडली. पण तेवढ्याच अंतरात स्विफ्टच्या तुलनेत तीन लिटर वाचले, लिटरला 104 धरून 320 रुपये, आणि भाडं दिवसाला 1,100 रुपये जास्त होतं. पेट्रोल वाचवण्यासाठी म्हणून ही भाड्याने घेऊ नका, आरामासाठी घ्या.

माझ्या वहीवरून आता मी बजेट असं करते: ठाणे-नवी मुंबईत साधी पेट्रोल गाडी असेल तर कंपनीच्या आकड्याचे साठ टक्के, एक्सप्रेसवेला ऐंशी, भरलेल्या गाडीने घाट असेल तर पंचाहत्तर. यापेक्षा लिटरला दोनहून जास्त कमी आलं तर लगेच हवा बघायची आणि गाडी थांबल्यावर चाकांजवळ हात धरायचा. हात रिमला लावू नका, भाजेल. जवळ धरला तरी कळतं.

डिझेल क्रेटा मॅन्युअल, कंपनीचा आकडा 21.8, अजून राहिली आहे. शनिवार-रविवारी ठाण्यात मोकळीच मिळत नाही. गणपतीत कोकणात जायला मिळाली तर तिचेही आकडे लिहीन.