नवा फोन, आठ महिन्यांनंतर

जुना फोन पाच वर्षे वापरला. त्याची बॅटरी दुपारपर्यंतच टिकू लागली आणि सुरक्षेचे अपडेट येणेही बंद झाले, तेव्हा नवा अँड्रॉइड फोन घेतला. पहिल्या आठवड्यात जे डोळ्यांत भरते ते पुढे लक्षातही येत नाही आणि जे खुपते ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वर येते, असा माझा अनुभव असल्याने आठ महिने थांबून हे लिहीत आहे.

केबल जोडून फोटो, संपर्क आणि ॲप तासाभरात नव्या फोनमध्ये आले. बँकेच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागली, ते अपेक्षितच होते. खरा घोर लावला तो दोन टप्प्यांच्या पडताळणीचे, म्हणजे पासवर्डनंतर लागणारे, कोड देणाऱ्या ॲपने, कारण ते नव्या फोनवर आले खरे, पण आतून पूर्ण रिकामे. ज्यांवरून हे कोड तयार होतात त्या माझ्या खात्यांच्या गुप्त चाव्या जुन्या फोनमध्येच राहिल्या होत्या आणि क्यूआर कोड दाखवून त्या वेगळ्या हलवाव्या लागल्या. जुन्या फोनमधली माहिती तोवर पुसली नव्हती म्हणून निभावले. नवा फोन घेणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, जुना फोन किमान महिनाभर आहे तसा ठेवावा.

पडद्याबद्दल मात्र मनापासून समाधान आहे. सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा चित्र बदलत असल्याने लांबलचक मजकूर वर सरकवतानाही अक्षरे फिसकटत नाहीत, आणि मी फोनवर पुष्कळ वाचत असल्याने हा फरक मला रोज जाणवतो. तरीही दुसऱ्या महिन्यात रात्री वाचताना डोळे दुखू लागले. अनेक ओएलईडी पडदे (ज्यांतला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असे) उजेड कमी करण्यासाठी अतिशय वेगाने लुकलुकतात आणि काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही, हे तेव्हा कळले. आता उजेडाची पट्टी मध्यावर ठेवून फोनमधल्या ‘एक्स्ट्रा डिम’ या सोयीने पडदा मंद करते; दुखणे बरेच कमी झाले आहे.

कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच मिळतो, कारण शेजारचे चार पिक्सेल मिळून एक केला जातो. त्यामुळे कमी उजेडातले फोटो खरोखर सुरेख येतात. माझी तक्रार चेहऱ्यांबद्दल आहे. आईचा खिडकीजवळ बसलेला फोटो काढला, तेव्हा तिच्या भुवईवरची लहानपणीच्या जखमेची बारीक खूण फोटोत जवळजवळ पुसली गेली होती. सौंदर्य वाढवणारी सोय बंद करूनही त्वचा थोडी गुळगुळीत होतेच. मला आईचा चेहरा आहे तसा हवा आहे.

सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो बॅटरी वाचवण्याच्या यंत्रणेने. वापरात नसलेल्या ॲपना झोपवण्याची, म्हणजे त्यांचे मागे चालणारे काम रोखून धरण्याची, सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून आहे, परंतु काही उत्पादक त्यावर स्वतःचे आणखी कडक नियम घालतात. बहिणीने संध्याकाळी पाठवलेले तीन निरोप रात्री मी फोन हातात घेतला त्या क्षणी एकदम वाजले. तोवर ती दवाखान्यात एकटी जाऊनही आली होती. निरोपाच्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढल्यावर सगळे सुरळीत झाले, पण पाचव्या महिन्यातल्या मोठ्या अपडेटनंतर ते निर्बंध परत आले आणि त्याची कसलीही सूचना मला मिळाली नाही. बॅटरी दीड दिवस टिकते हे खरे, परंतु वेळेवर न वाजणाऱ्या फोनची टिकाऊ बॅटरी माझ्या काय कामाची?

मराठी लिहिण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण परीक्षणांतून हा विषय सहसा सुटतो. जुन्या फोनच्या कळफलकाने पाच वर्षांत शिकलेले माझे शब्द नव्या फोनवर आले नाहीत. घरातली हाक मारायची नावे गेली, ‘ळ’ नेहमीच्या जागी सापडेना, आणि ‘आहे’ लिहायला घेतले की हिंदी शब्द पुढे येत. ‘ऱ्य’ने तर फार छळले. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, पण कळफलक पहिल्याच्या जागी दुसराच सुचवत राहिला आणि स्वयंपाक करणाऱ्यांसाठी लिहिलेला निरोप एकदा तसाच गेला. मग हिंदी भाषा कळफलकातून काढली, आपोआप दुरुस्ती बंद केली आणि घरातली नावे वैयक्तिक शब्दकोशात एकेक करून घातली. एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली, पण त्यानंतर लिहिण्याचा वेग हळूहळू परत आला. ‘ऱ्य’ अजूनही थांबून, अक्षराकडे पाहूनच लिहावा लागतो.