गाडी उभी का आहे, हे सांगणारं अ‍ॅप

फ्लीट मेंटेनन्सचं, म्हणजे ताफ्यातल्या गाड्यांच्या देखभालीचं, हे अ‍ॅप विकायला आलेल्या माणसाने पहिला अर्धा तास ‘आमचं एआय बिघाड आधीच ओळखतं’ यावर घालवला. ते फारसं ओळखत नाही. अ‍ॅप मात्र चांगलं आहे, आणि ज्या गोष्टीमुळे चांगलं आहे ती त्याने लॅपटॉप मिटता मिटता दाखवली.

गाडी वर्कशॉपला लागली की अ‍ॅप तिच्या उभं राहण्याच्या वेळेचे तुकडे करतं: तपासणीची वाट, मंजुरीची वाट, पार्टची वाट, मेकॅनिकची वाट, प्रत्यक्ष काम, ट्रायल आणि ताबा. एक टप्पा संपला की जॉब कार्डवर (त्या दुरुस्तीच्या नोंदीवर) बटण दाबायचं, बस्स. आमच्या जुन्या एक्सेलमध्ये दोनच रकाने होते, ‘आली’ आणि ‘गेली’. मधल्या काळाबद्दल ड्रायव्हर म्हणायचा मेकॅनिक ढिला आहे, मेकॅनिक म्हणायचा स्टोअरला माल नाही, आणि स्टोअरवाला म्हणायचा मला कोणी सांगितलंच नाही. वर्कशॉप मी बघते, त्यामुळे तिघांचं ऐकून घेणं माझ्याकडे.

एका टिपरचं मागच्या हबचं ऑइल सील गेलं आणि ब्रेकच्या लायनरवर ऑइल आलं. सील आणि लायनर दोन्ही बदलायचे; पाना हातात घेतल्यापासून काम अर्ध्या दिवसाचं. टिपर मात्र आठवडाभर उभा. टप्पे उघडून पाहिले तर दोन्ही पार्ट स्टोअरमध्ये पडून होते आणि कार्ड मंजुरीत अडकलं होतं. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला साहेबांची सही लागते, आणि साहेब दौऱ्यावर. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तीन कामांची आगाऊ मंजुरीची अट त्यानंतर काढून टाकली गेली. मला वाद घालावा लागला नाही, स्क्रीन साहेबांकडे वळवली एवढंच. माझ्या मते या एका सोयीसाठी वर्गणी वसूल आहे.

उपलब्धतेचा, म्हणजे गाड्या किती वेळ कामाला तयार असतात त्याचा टक्काही अ‍ॅप काढतं, आणि वरच्या लोकांना तोच आवडतो. ९५ टक्के म्हटलं की छान वाटतं. ४० गाड्यांच्या ताफ्यात त्याचा अर्थ कोणत्याही क्षणी सरासरी २ गाड्या उभ्या. शिवाय दहा वेळा एकेक तास थांबलेली गाडी आणि एकदाच दहा तास थांबलेली गाडी, दोघींचा टक्का सारखाच. काम ठरवणाऱ्याला विचाराल तर तो दुसरी घेईल. पहिलीवर भरवसा ठेवून कोणाला वेळ द्यायची सोय नाही. त्यामुळे दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ वेगवेगळे बघायचे. आलेख दोन्हींचे आहेत, फक्त मेनूत खोल दडवलेत. आणि शिफ्टचं कॅलेंडर पहिल्याच दिवशी भरा. ते रिकामं असेल तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आलेली गाडी सगळी सुट्टी ‘डाउन’ मोजली जाते, तेव्हा तिला काम नसलं तरी.

सर्व्हिसिंगचं वेळापत्रक किलोमीटर, इंजिनाचे तास आणि तारीख या तिन्हींवर लावता येतं. जे आधी भरेल त्यावर काम निघतं. डिलिव्हरी व्हॅनना किलोमीटर पुरतात. आमची बकेट लिफ्टची गाडी मात्र एका जागी उभी राहून पीटीओवर (इंजिनाची ताकद लिफ्टला पुरवणारा जोड) दिवसभर इंजिन चालवते. मीटर जेमतेम हलतो आणि ऑइल काळं होऊन जातं. एक तास इंजिन नुसतं चालू राहिलं तर झीज ४०-५० किलोमीटर धावण्याएवढी धरावी, असा फ्लीटवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. तासांवर लावल्यापासून तिचं ऑइल वेळेवर बदललं जातं. टायर काढून बसवला की ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासण्याचं काम अ‍ॅप आपोआप उघडतं, हेही मला फार आवडलं. ही गोष्ट हमखास राहते, आणि राहिली तर चाक निखळू शकतं.

मीटरचं वाचन हाताने भरायचं असेल तर जपून. कोणी एक आकडा जास्त टाकला की अ‍ॅप निमूटपणे तो घेतं आणि त्या गाडीची सगळी कामं ‘मुदत उलटली’ म्हणून लाल होतात. व्हॅनने एका रात्रीत लाखो किलोमीटर कापले यात संशय घ्यावा असं त्याला काही वाटत नाही.

आता ते एआय. गाडीत लावायचं यंत्र व्हॅनमध्ये १६ पिनच्या ओबीडी सॉकेटला (गाडीने नोंदवलेले दोष वाचायची जागा) बसतं, मोठ्या गाड्यांत जे१९३९ या अवजड गाड्यांच्या मानकाच्या ९ पिनच्या सॉकेटला. सगळ्या गाड्यांना समान असलेले प्रमाणित दोष-कोड ते नीट वाचतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे कोड आले की ‘अज्ञात दोष’ म्हणून मोकळं होतं, म्हणजे कंपनीचा स्कॅनर लावावा लागतोच. एका व्हॅनची बॅटरी खालावली तेव्हा व्होल्टेज पडल्याने कंट्रोल युनिटचा (गाडीतल्या छोट्या संगणकांचा) एकमेकांशी संपर्क तुटला, यू ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागली आणि अ‍ॅपने प्रत्येकासाठी वेगळं जॉब कार्ड उघडलं. मेकॅनिक ती यादी वाचून हसला आणि आधी टर्मिनल तपासायला गेला.

बॅटरीचं भाकीत मात्र खरं ठरतं. स्टार्टर मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ लागलं की सूचना येते, आणि ती बॅटरी खरोखर संपत आलेली असते. छोट्या फेऱ्यांच्या व्हॅनमध्ये डीपीएफमध्ये (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी चढताना दिसते, हाही फायदा मोठा. पातळी वर जाऊ लागली की मी ती व्हॅन लांबच्या फेरीवर लावते, म्हणजे एक्झॉस्ट तापून काजळी जळते. काजळी फार साचल्याचा पी२४६३ कोड पडेपर्यंत थांबलं तर गाडी सक्तीच्या रिजनरेशनसाठी (फिल्टर तापवून काजळी जाळायला) वर्कशॉपला आणावी लागते. पण रेडिएटरचा फुगलेला होज, मागच्या चाकाचं गुणगुणणारं बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसची खडखड यांच्यापाशी सेन्सरच नाही, तर अ‍ॅप ओळखणार कुठून? ते अजूनही ड्रायव्हरचे कान आणि फिटरचे हातच ओळखतात. आणि हे यंत्र गाडी बंद असतानाही थोडा करंट खातं. हंगामी टँकर बराच काळ उभे ठेवायचे असतील तर ते काढून ठेवा, नाहीतर सुरू करायच्या दिवशी जंप केबल शोधत फिराल.

ड्रायव्हरच्या रोजच्या तपासणीचा फॉर्म मोबाइलवर आहे, फोटोसकट. रेंज नसली तरी भरता येतो. सगळे ‘ओके’ टिचक्या मारतात, ते सगळीकडेच होतं. इथे फॉर्म भरायला किती वेळ लागला तेही नोंदवलं जातं. अर्ध्या मिनिटात टायर, ब्रेक, दिवे, कूलंट सगळं बघून होत नाही. मी कोणाला रागावले नाही, फक्त ती वेळ ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवर दिसेल अशी सोय लावली. तेव्हापासून टायरच्या आतल्या बाजूचे काप कळू लागलेत.

स्पेअर पार्टचा भाग ठीकठाक. पार्ट मॉडेलशी न जोडता चॅसी नंबरशी जोडा. एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये अल्टरनेटर वेगळा निघतो आणि चुकीचा मागवला की ‘पार्टची वाट’ पुन्हा पहिल्यापासून.

चार-पाच गाड्या असतील तर हे घेऊ नका, भिंतीवरचा फळा पुरतो. आम्ही यंदा वर्गणी चालू ठेवली आहे, भाकिताचं महागडं मॉड्यूल वगळून. अ‍ॅपच्या कंपनीकडे एकच मागणी लावून धरली आहे: टप्प्यांच्या यादीत ‘टोइंगची वाट’ घाला. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचे सगळे तास सध्या ‘तपासणीची वाट’मध्ये जातात आणि बिचाऱ्या मेकॅनिकच्या नावावर चढतात.