विमानतळावरचा सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष : एका विनामूल्य सेवेचे परीक्षण

विमानतळांची परीक्षणे लिहिणारे लोक सहसा खुर्च्या, वायफाय, स्वच्छतागृहे आणि सुरक्षा तपासणीच्या रांगा यांच्या पलीकडे जात नाहीत. प्रार्थनाकक्षाचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. वास्तविक बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर ही सेवा आहे, तिच्यासाठी काही मोजावे लागत नाही, कोणी जातधर्म विचारत नाही, आणि एरवी एकमेकांच्या प्रार्थनास्थळाची पायरीही न चढणारी माणसे तिथे एकाच गालिच्यावर बसलेली दिसतात. कामानिमित्त प्रवास करताना मी हे कक्ष आवर्जून पाहत आले आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. कोणाला काही खटकू नये म्हणून ज्या कक्षातून सगळेच काढून टाकलेले असते, तो वापरापेक्षा छायाचित्रात अधिक शोभतो. ज्या कक्षात प्रत्येकाच्या वस्तूसाठी कपाटात एखादा खण राखलेला असतो, तिथे मात्र माणसे खरोखर येतात, बसतात आणि एकमेकांना सांभाळूनही घेतात.

ही सेवा मुळात सर्वधर्मीय नव्हती. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर १९५१ मध्ये सुरू झालेले कॅथलिक चॅपेल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे छोटे प्रार्थनागृह, हे अमेरिकेतील अशा जागांपैकी पहिले मानले जाते, आणि ते प्रवाशांपेक्षा विमानतळावर पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी होते. न्यूयॉर्कच्या, आज केनेडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानतळावर १९५५ मध्ये असेच कॅथलिक चॅपेल आले, आणि १९६० च्या दशकात तिथे कॅथलिक, प्रोटेस्टंट व ज्यू अशा तीन वेगळ्या वास्तू शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. लंडनच्या हीथ्रोवर १९६८ मध्ये जमिनीखाली सेंट जॉर्ज चॅपेल बांधले गेले, त्यातही अँग्लिकन, कॅथलिक आणि इतर प्रोटेस्टंट पंथ यांच्यासाठी तीन स्वतंत्र कोनाडे ठेवले होते. त्या काळच्या औदार्याची धाव तेवढीच होती. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, आखातात आणि युरोप-अमेरिकेत कामासाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली, हज यात्रेकरू बोटींऐवजी विमानांनी जाऊ लागले, आणि टर्मिनलच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, मोकळ्या फाटकाजवळ नमाज पढणारे प्रवासी दिसू लागले, तेव्हा व्यवस्थापनांना एकधर्मी चॅपेल पुरेनासे झाले. न्यूयॉर्कच्या त्या तीन वास्तू विस्तारीकरणात पाडल्या गेल्या आणि पुढे चौथ्या टर्मिनलमध्ये इस्लामी दालनासह चार प्रार्थनास्थळे एका ओळीत आली. इतर ठिकाणी तेवढीही जागा निघाली नाही, म्हणून सर्वांना मिळून एकच खोली देण्यात आली. सर्वधर्मसमभावाचे श्रेय द्यायचेच असेल तर ते दुकानांसाठी राखून ठेवलेल्या चौरस फुटांनाही थोडे द्यायला हवे.

या एका खोलीचे रूप ठरवताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर, कळत-नकळत, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधील मुख्यालयातील ध्यानकक्ष असावा असे वाटते. तत्कालीन सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी १९५७ मध्ये तो स्वतः लक्ष घालून नव्याने घडवून घेतला. मंद प्रकाशाच्या त्या खोलीत मधोमध लोहखनिजाची सुमारे साडेसहा टनांची एक शिळा आहे आणि समोर बो बेस्कोव यांचे भौमितिक आकारांचे भित्तिचित्र आहे. धर्मचिन्ह कोणतेही नाही. ही शिळा म्हणजे रिकामी वेदी आहे, पण देव नाही म्हणून ती रिकामी नाही, तर माणूस ज्याला अनेक नावांनी आणि अनेक रूपांत भजतो त्याच्यासाठी ती आहे, असा खुलासा हॅमरशोल्ड यांनी केला होता. विचार उदात्त आहे आणि त्या खोलीला तो शोभतोही. अडचण अशी, की विमानतळांनी शिळा आणि विचार दोन्ही सोडले आणि रिकामेपण तेवढे उचलले. शिवाय रिकामी भिंत, मौन आणि एकट्याने मिटलेले डोळे ही सर्वच धर्मांची आवड नव्हे. युरोपातील प्रोटेस्टंट परंपरेला ती मानवते, इस्लामला मूर्तिरहित भिंत मानवते, झेन साधकालाही चालते. ज्यांची उपासना दिवा, धूप, घंटा, मूर्ती, चित्र किंवा सामूहिक गायन यांशिवाय उभीच राहत नाही, त्यांना मात्र तटस्थ म्हणून दिलेली ही खोली दुसऱ्या कोणाच्या तरी घराच्या बैठकीसारखी परकी वाटते.

प्रत्यक्ष सेवा कशी असते ते पाहण्यासाठी एका मोठ्या विमानतळावरचा कक्ष घेते. नाव सांगण्याची गरज नाही, कारण थोड्याफार फरकाने असे कक्ष सगळीकडे आहेत. दिशादर्शक फलकावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाची आकृती होती. (पद्मासनात बसणाऱ्याने किंवा उभ्याने हात जोडणाऱ्याने ती आपलीच समजून घ्यायची असते.) फलकाचा माग काढत गेल्यावर सामानाच्या गाड्या ठेवण्याच्या जागेमागे एक दार सापडले. आत राखाडी गालिचा, दुधी काचेची एक उजळ भिंत, घडीच्या खुर्च्या आणि छताला चिकटवलेला हिरवा बाण. बाण मक्केची दिशा दाखवतो. तो ठरवणे वाटते तितके सोपे नसते. पृथ्वी गोल असल्यामुळे न्यूयॉर्कहून मक्केकडे जाणारी सर्वांत जवळची रेषा आग्नेयेकडे नव्हे, तर ईशान्येकडे निघते, आणि नकाशा सपाट टेबलावर पसरून दिशा काढणाऱ्याची इथे फसगत होते.

खोलीतला सर्वांत बोलका भाग म्हणजे कोपऱ्यातले कपाट. कर्मचाऱ्यांनी ग्रंथ बहुधा उंचीप्रमाणे लावले असावेत, पण वापरणाऱ्यांनी ती रचना बदलली होती. कुराणाच्या प्रती कापडात गुंडाळून सर्वांत वरच्या खणात गेल्या होत्या. भगवद्गीतेची प्रत त्यांच्या शेजारी होती, बायबल आणि ज्यू प्रार्थनापुस्तके त्याखाली, जपमाळा एका डब्यात आणि मुसल्ले, म्हणजे नमाजाच्या चटया, नीट घडी करून सर्वांत खाली. आतल्या बाजूला कोणीतरी हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती : ग्रंथ जमिनीवर ठेवू नयेत. चिठ्ठी कोणत्या धर्माच्या माणसाने लिहिली हे कळायला मार्ग नव्हता, कारण मुसलमान, हिंदू आणि शीख यांपैकी कोणीही ती लिहिली असती. व्यवस्थापनाच्या फलकावर जे नियम छापले होते त्यांत झोपू नये, खाऊ नये, काही पेटवू नये एवढेच होते. पावित्र्याचा नियम उतारूंनी आपला आपण केला.

माझ्या समोर एका बाईंनी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, पडद्यावर देवाची तसबीर आणली, कानांत इअरफोन घातले आणि हात जोडून त्या ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणू लागल्या. थोड्या वेळाने आलेल्या एका गृहस्थांनी चटई अंथरली, समोरचा पडदा पाहिला, चटई उचलून दोन हात बाजूला सरकवली आणि नमाज सुरू केली. कोणी कोणाकडे पाहिले नाही. प्रवाशाला चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, नमाज दोन रकातींत पुरी करण्याची मुभा असल्याने ते काही मिनिटांत निघूनही गेले. मूर्ती समोर असताना नमाज होत नाही आणि मूर्ती समोर नसेल तर पूजा होत नाही, हा शतकानुशतकांचा पेच त्या दोन हातांच्या अंतराने तेवढ्यापुरता सुटला. बदल म्हणावा तर तो हा : देवघर खिशात मावू लागले आहे, आणि ज्या खोलीने मूर्तीला जागा दिली नव्हती तिथे ती पडद्यावरून आली. याने त्या बाईंची सोय झाली, पण खोली बांधणाऱ्याचे काम संपले असे मी मानत नाही.

सेवेचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्याची प्रार्थना वेळेला बांधलेली आहे आणि ज्याला स्वच्छ जमीन व दिशा पुरते, त्या मुसलमान प्रवाशाची गरज हे कक्ष बऱ्यापैकी भागवतात, आणि त्यामुळे अनेक कक्ष व्यवहारात मशिदीसारखे वापरले जातात. त्यात गैर काही नाही. जो अधिक वापरतो त्याची छाप पडणारच. तरीही त्यांच्यासाठीसुद्धा व्यवस्था अर्धवट असते. वुजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी, बसून वापरता येईल असा सखल नळ बऱ्याच ठिकाणी नसतो, मग माणसे स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये पाय वर करून कसरत करतात, जमीन ओली होते आणि सफाई कर्मचाऱ्यांचा रोष ओढवून घेतात. स्त्रियांसाठी पडदा लावून वेगळा केलेला भाग मी जिथे जिथे पाहिला तिथे तो लहानच होता. मुसलमान नसलेल्या स्त्रीने पडद्याच्या कोणत्या बाजूला बसावे, याचे उत्तर कोणताही फलक देत नाही. मी मागच्या खुर्चीवर बसते. आजवर कोणी हटकलेले नाही.

दिव्याची गोष्ट निराळी. धूर ओळखणारी यंत्रणा असलेल्या इमारतीत निरांजन, मेणबत्ती किंवा उदबत्ती लावू देता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण काचेआड विजेचा एक दिवा बसवायला अग्निशमन विभागाची हरकत असण्याचे कारण नाही, आणि ज्याला नको त्याने तो बंद करावा. बाहेर काढून पुन्हा आत ठेवता येतील अशा मूर्ती किंवा क्रॉस यांच्यासाठी दारांचे एखादे कपाटही जमू शकते. आवाजाचा प्रश्न मला अधिक कठीण वाटतो. एकाचे भजन दुसऱ्याच्या मौनाचा भंग करते आणि इथे वेळापत्रकही चालत नाही, कारण विमानाची वेळ उपासनेला जुमानत नाही.

याहून मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि विमानतळांनी त्यांच्याकडे पाहायला हरकत नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात डिसेंबर २०१४ मध्ये उघडलेल्या ‘हाउस डेर रेलिगिओनेन’, म्हणजे ‘धर्मांचे घर’, या वास्तूत आठ धर्मसमुदाय सहभागी आहेत, आणि त्यांपैकी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध व अलेवी (मूळ तुर्कस्तानातला एक धर्मसमुदाय) यांची स्वतंत्र दालने आहेत; मधला भाग सर्वांचा. तिथले हिंदू मंदिर तमिळ शैवांचे आहे आणि त्यांनी पूजेसाठी संस्कृतऐवजी तमिळ स्वीकारली, स्त्रियांनाही पौरोहित्य दिले. परमुलखात, इतरांच्या शेजारात राहताना स्वतःच्या घरातही किती बदल होतो, याचा हा नमुना आहे. अबू धाबीत २०२३ मध्ये उघडलेल्या ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’मध्ये मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) यांचे सारख्याच आकाराचे तीन घन आहेत, पण मशीद मक्केकडे, चर्च पूर्वेकडे आणि सिनेगॉग जेरुसलेमकडे तोंड करून आहे. प्रत्येकाची दिशा राखून सर्वांना समान उंची देण्याचा हा वास्तुशास्त्रीय तोडगा मला आवडतो, मात्र त्या अंगणात अब्राहमला मूळपुरुष मानणाऱ्या या तीन धर्मांबाहेरच्या कोणाला दालन नाही. अबू धाबीतले हिंदू मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळ्या जागी, वेगळ्या जमिनीवर उभे राहिले.

आता काहीच न मानणाऱ्यांविषयी. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे २४ टक्के लोक स्वतःला कोणत्याही धर्माशी जोडत नव्हते. हे लोकही या खोलीत येतात. काही थकलेले असतात, काहींना विमानाची भीती वाटते, आणि काहींना घरून आलेल्या एखाद्या फोननंतर चार माणसांसमोर रडायचे नसते. मोठ्या विमानतळांवर धर्मोपदेशक नेमलेले असतात, आणि त्यांच्या कामाचा बराचसा भाग प्रवचनाऐवजी अडकून पडलेल्या, आप्ताच्या मृत्यूची बातमी ऐकून तातडीने निघालेल्या प्रवाशांजवळ बसण्यात जातो. ही सेवा मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिचीच माहिती सर्वांत कमी दिली जाते. दारावर एक दूरध्वनी क्रमांक असतो, तोही लहान अक्षरांत.

तक्रार नोंदवण्याची सोयही नाही. स्वच्छतागृहाबाहेर हसरे-रडके चेहरे दाबून अभिप्राय देता येतो, इथे फार तर एक वही असते आणि तिच्यात लोक व्यवस्थापनाला उद्देशून काही न लिहिता थेट वर अर्ज करतात.

ज्यांच्या हाती दोन विमानांमधला वेळ आहे त्यांनी धर्म असो वा नसो, या कक्षात अवश्य जावे, चपला दाराशी मांडणीवर ठेवाव्यात आणि आत कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून न जाता मागून जावे. हातातली बॅग मात्र आतच, नजरेसमोर ठेवावी. दाराबाहेर ठेवलेले सामान सुरक्षा कर्मचारी बेवारस समजतात आणि मग त्यांचे समाधान कोणत्याही धर्मग्रंथाने होत नाही.